बारा गाड्यांच्या पुढं

चैत्री पुनवेला दुपार कलली की येडबा धनगराला जांभया सुरू व्हायच्या. एक नाही, दोन नाही, लागोपाठ दहा-बारा. जबडा निखळतो की काय असं वाटावं अशा. पहिली जांभई दिसली रे दिसली की खंडोबाच्या देवळापुढं जमलेली सगळी धोंडवाडी गलका करायची, "आला! देव आला!" बाया तान्ही लेकरं त्याच्या पायावर घालायच्या, म्हातारे हात जोडायचे, आणि देवळाचा वाघ्या लिंबाजी डोळ्यांत पाणी आणून त्याच्या कपाळाला भंडारा फासायचा. येडबाला मात्र नुसती जांभई आलेली असायची. पुढं अवघड काम असलं की त्याचं अंग असं सैल पडायचं, त्याला तो तरी काय करणार?

धोंडवाडी म्हणजे पेडगावच्या अंगाला, पांदीनं दोन कोस आत. शंभर-सव्वाशे उंबरा. देऊळ टेकाडावर, गाव खाली. पुनवेला बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागं एक जोडायच्या, पहिल्या गाडीच्या जुवाला दोर बांधायचा, दोराचं टोक एका माणसाच्या कमरेला, आणि त्यानं त्या बाराच्या बारा गाड्या, वर बसलेल्या लोकांसकट, देवळापासून वेशीपर्यंत न्यायच्या. हा मान येडबाच्या घराचा. बाप गेला त्या साली, निजामाच्या अमदानीत, येडबानं पहिल्यांदा दोर बांधला. रझाकारांच्या धामधुमीत एक जत्रा तेवढी बुडाली. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीतली उर्दू गेली. पण गाड्यांपुढं येडबाच होता. असं वीस वर्षं चाललं.

आता लोक म्हणतात, गाड्या ओढायच्या. अहो, ओढायची ती पहिली दहा पावलं. मागून पन्नास जण खांदा लावतात, चाकं एकदा हलली की पुढं सगळा उतार. तिथून माणूस गाड्यांना ओढत नाही, गाड्या माणसाला हाकलतात. दोर ताणला तर कंबर मोडते, सैल पडला तर जू पाठीत बसतं. निम्म्या वाटेवर पावसाच्या पाण्यानं पडलेली एक ओघळ आहे, तिथं तर गाड्या एकदम अंगावर येतात. दोन्ही बाजूंना दोन माणसं जू धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. ते दिशा सांभाळतात, वेग त्यांच्या हातात नसतो. आणि मागं वळून बघायची तर सोयच नाही. वळला तो गेला.

येडबा कानानं पळायचा. जन्म मेंढरांच्या पुढं चालण्यात गेलेला. मेंढरं मागं, धनगर पुढं, आणि मागं न बघता कोणतं लंगडतंय, कोणतं कुणाच्या पिकात शिरलंय, हे त्याला खुरांच्या आवाजावरून कळायचं. गाड्यांचंही तसंच. बारा गाड्यांचे बारा आवाज कानात शिरले की पाय आपोआप लांब-आखूड पडायचे. गर्दी, हलगी, येळकोट, काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. वेशीत लोक त्याला खांद्यावर घ्यायचे तेव्हा कुठं त्याला आपलं नाव आठवायचं.

हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. लपवलं असंही म्हणता येत नाही. कुणी विचारलंच नाही. देव येतो म्हटल्यावर विचारायचं काय? आणि खरं सांगायचं तर तो मान त्याला गोड लागायचा. वर्षभर पाटलाच्या ओसरीखाली मातीत बसणारा धनगर त्या एका दिवशी दत्तराव पाटलाला आपल्या पाया पडताना बघायचा. कुणाला नको वाटेल हो?

चोपन्न सालच्या पावसाळ्यात येडबाचा उजवा गुडघा धरला. उतरताना कळ यायची. त्यानं पोराला बोलावलं. भुजंग एकुलता एक, बावीस वर्षांचा, अंगानं बापाच्या दीडपट. सेलूकडची मनकर्णा करून आणली त्याला वर्ष झालं होतं.

"एक जत्रा अजून म्या काढतो," येडबा म्हणाला. "ह्या साली तू माह्या डाव्या बगलंला पळ. पुढच्या साली दोर तुह्या कमरंला."

भुजंगनं मान डोलावली, पण त्या दिवसापासून पोराची झोप उडाली. बैल आवरणारा गडी, चार मणांचं पोतं पाठीवर घेणारा, अन् बारा गाड्यांचं नाव काढलं की त्याचे तळहात ओले व्हायचे. जत्रा सहा महिन्यांवर होती तरी!

शिकवायचं म्हणून दोघं सकाळी माळावर जायला लागले. दोन गाड्या जोडायच्या, भुजंगच्या कमरेला दोर बांधायचा आणि उतारावर सोडायच्या. पहिल्याच दिवशी भुजंगच्या पाचावर धारण बसली. मुठी आवळल्या, दम कोंडला, नजर आपल्याच पायाच्या अंगठ्यावर. पन्नास पावलांत तीनदा मागं वळला. शेवटी दोर सोडून बाजूला उडी टाकली आणि गाड्या बाभळीत जाऊन शिरल्या.

"मागं कामून बघतूस?" येडबा ओरडला.

"आवाज आला."

"आवाज येणारच की! त्योच ऐकायचा असतो. अजून काय ऐकलंस?"

भुजंगनं सांगितलं ते ऐकून येडबा चाटच पडला. पोराला सगळं ऐकू आलं होतं. स्वतःचा श्वास, छातीतली धडधड, लांबच्या बांधावर कुणी तरी हसलं ते, आणि पडलो तर गाव काय म्हणेल हेसुद्धा. माळावर बघायला होतं कोण? दोन बकऱ्या आणि बाप. तरी त्याला वाटत होतं सगळी धोंडवाडी बघायलीय.

"आबा, तुमी पाय कसा टाकता?"

"जसा पडल तसा."

"तसं न्हाई. वघळीत आलं की कोन्ता पाय पुढं असतो? अन् तवा डोस्क्यात काय असतं?"

येडबाला खरंच ठाऊक नव्हतं. वीस वर्षं जी गोष्ट केली ती कशी करतो हे आपल्याला सांगता येत नाही, ह्याचं त्याला वाईट वाटलं. पोरगं आशेनं तोंडाकडं बघायलंय, आणि बापाकडं द्यायला एक शब्द नाही! तो म्हणाला, "थांब. म्या पळतो, मग सांगतो."

आणि तो पळताना स्वतःकडं बघायला लागला.

सहा महिने त्यानं तोच उद्योग केला. मेंढरं चारतानाही पावलं मोजायचा. हळूहळू त्याला एकेक गोष्ट सापडत गेली. ओघळीच्या अलीकडं उजवा लांब पडतो. कडेला डावा, आखूड. मग तीन पावलं टाचेवर. उजवा खांदा जरा खाली. सापडलं की तो धावत भुजंगला सांगायचा, भुजंग ते तोंडपाठ करायचा. माळावर बाप-लेक दोघं "लांब, आखूड, टाच, टाच, टाच" असं म्हणत नाचल्यासारखे चालायचे. भाकरी घेऊन आलेली मनकर्णा ते बघून पदर तोंडाला लावून हसायची.

ते दिवस सुखाचे होते. आयुष्यात पहिल्यांदा येडबाकडं सांगण्यासारखं काही होतं. एकदा तो बायकोला, अंबाबाईला म्हणाला, "इतकी वर्सं म्या काय करायलो ते मला आता कळायलंय बग." अंबाबाईनं नुसता हुंकार भरला. तिला त्यात कळण्यासारखं काय आहे हेच कळेना. देव करतो म्हटल्यावर संपलं की!

भुजंग शिकला का? शिकला थोडाफार. पण तोंडानं म्हणत गेला की पाय अडखळायचे, आणि म्हणायचं सोडलं की भीती यायची. येडबा म्हणायचा, वर्ष आहे अजून, होईल.

जत्रेच्या आधी नऊ दिवस ओढणाऱ्यानं देवळात झोपायचं, एकवेळ जेवायचं, आणि बाईचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, असा नेम होता. येडबानं तो दर साली पाळला होता. ह्या साली मात्र दिवसा तो भुजंगसंगं माळावर जायचाच. सहाव्या दिवशी त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. भुजंगची बोटं जाडी, त्याला काही निघेना. मनकर्णा भाकरी लांब ठेवून उभी होती. तिच्याकडं टाचणी होती.

"काढ गं पोरी," येडबा म्हणाला.

"मामा, तुमचा नेम हाय."

"काटा काढायला कसला आलाय नेम? खामखा पाय सुजल."

तिनं भीत भीत पाय हातात घेतला, काटा काढला, आणि लगेच बाजूला झाली. येडबा ती गोष्ट संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला.

पुनवेला ऊन मरणाचं होतं. बारा गाड्या जोडून झाल्या, लोक वर चढले, हलग्या कडाडल्या. सगळे येडबाच्या तोंडाकडं बघत होते. आणि त्या दिवशी जांभई आली नाही. येडबाला ते जाणवलं. वीस वर्षांत त्याला कधी काही जाणवलं नव्हतं. त्यानं मुद्दाम तोंड उघडून खोटी जांभई दिली. "आला! देव आला!" लोक ओरडले. डाव्या बगलेला भुजंग उभा होता, चेहरा पिठासारखा. येडबा त्याला म्हणाला, "म्या कसा पाय टाकतो ते नीट बग."

हलल्या गाड्या. पहिली दहा पावलं अंगाच्या जोरावर गेली. मग उतार लागला आणि येडबा आवाजाची वाट बघायला लागला. आवाज आला, पण त्याच्या आधी डोक्यात शब्द आले. लांब. लांब. आता आखूड येईल. हलगी ऐकू आली. मागं कुणाची तरी पोरगी किंचाळत हसली, ती ऐकू आली. गुडघ्यातली कळ ऐकू आल्यासारखी वाटली. भुजंग बघतोय, त्याला नीट दाखवलं पाहिजे, असं मनात आलं. ओघळीची कड दिसली आणि तो मनात म्हणाला, आता डावा.

म्हणेपर्यंत पाय पडून गेला होता. पडला तो उजवा.

तो गुडघ्यावर आला. दोर सैल पडला, जू पाठीत बसलं, आणि तो तोंडघशी ओघळीत पडला. रोखायला शेवटच्या गाडीला बांधलेला दुसरा दोर मागं चाळीस माणसांनी ओढून धरला, पण बारा गाड्या कुठं अशा थांबतात! येडबाला मातीशी टेकलेल्या डोळ्यानं दोन पाय दिसले. भुजंगचे. ते लांब आले, डावा आखूड पडला, तीन पावलं टाचेवर आली. एकही पाऊल चुकलं नाही. तोंडानं तो काही म्हणत नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी बापाला उजवीकडं ढकलून दिलं आणि स्वतः तिथं राहिला. पहिली गाडी त्याच्या छातीवरून गेली, दुसरी गेली, तिसरी थांबली.

परभणीहून जमादार आला. पंचनामा केला, अपघात असं लिहिलं, अंगठे घेतले आणि गेला. सरकारचं काम संपलं. गावाचं सुरू झालं.

धोंडवाडीत कुणालाही असं वाटलं नाही की येडबाचा पाय चुकला. येडबाचा पाय चुकेलच कसा? तो पाय त्याचा नव्हताच, देवाचा होता. म्हणजे देव मधेच उतरून गेला. आणि देव उगाच जात नाही. कुणी तरी बाटवलंय, एवढंच शोधायचं राहिलं. अंबाबाई दारात बसून कपाळ बडवायची, "कुणी गं बाटवलं माह्या देवाला? कुणी माहं लेकरू खाल्लं?" येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हेच विचारायची.

पाचव्या दिवशी मनकर्णा तिच्या पुढं येऊन बसली. कपाळ उघडं, हात बोडके. म्हणाली, "आत्या, नेमात म्या मामांच्या पायाला हात लावला व्हता. काटा काढाया."

तिला कुणी विचारलं नव्हतं, बाप-लेकाशिवाय कुणी बघितलं नव्हतं. गप्प बसली असती तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण त्या पोरीलाही मनापासून तेच वाटत होतं, की आपल्याच हातानं नवरा मेला. पाच रात्री तिनं ते पोटात ठेवलं होतं. अंबाबाईनं तिचे केस धरले. "पांढऱ्या पायाची! माहं घर बुडवलंस!" मनकर्णानं हात वर केला नाही, मार खात राहिली.

येडबा उंबऱ्याशी बसला होता. त्याला उठायला पाहिजे होतं. तोंड उघडायला पाहिजे होतं. त्याला चांगलं ठाऊक होतं काय झालं ते. काटा नाही, हात नाही, देव नाही. आपण मनात "डावा" म्हणालो. एवढंच. पण ते सांगायचं म्हणजे वीस वर्षं देव कधी अंगात आलाच नाही, हे सांगायचं. ज्यांच्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला त्यांच्या तोंडावर सांगायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, पोराला मी मारलं, हे बायकोला सांगायचं. येडबा भित्रा माणूस नव्हता. पण त्याची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. आठ दिवस त्यानं पाण्याशिवाय काही मागितलं नाही.

तेराव्याला देवळापुढं गाव बसलं. दत्तराव पाटील मधे, शेजारी लिंबाजी. सेलूकडून मनकर्णाचा भाऊ रामजी बोलावून घेतला होता, तो एका अंगाला मान खाली घालून उभा. मनकर्णा त्याच्या मागं, हातात गाठोडं. लिंबाजी वाईट माणूस नव्हता हो. भुजंगला त्यानंच कडेवर खेळवलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "पोरगी ह्या गावात ऱ्हायली तर देव परत यायचा न्हाई. तिला तिच्या घरी जाऊ द्या. तिच्यावर आमचा राग न्हाई. पण ऱ्हाऊ द्यायची न्हाई."

दत्तरावांनी विचारलं, "येडबा, तुला काय म्हणायचंय?"

तेव्हा कुठं येडबा उठला.

"पाटील, माह्या अंगात देव कदीच आला न्हाई."

कुणी हललं नाही. येडबाला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तो मोठ्यानं बोलला. "कदीच न्हाई. म्या चाकांचा आवाज ऐकून पळायचो. ह्या साली माहं ध्यान पायाकडं गेलं, म्हणून पडलो. भुजंगला शिकवायच्या नादात माहंच इसरलो. पोरीचा काय बी दोष न्हाई. म्या मारलं माह्या लेकराला, म्या!"

मागं अंबाबाईनं हंबरडा फोडला. दत्तराव लिंबाजीकडं बघायला लागले. लिंबाजीनं डोळे पुसले आणि गावाकडं वळून म्हणाला, "बगा. देव सोडून गेला की माणूस असाच बरळतो. त्याच्यावर कुणी रागवू नका."

बाया चुकचुकल्या. सगळ्यांना येडबाची दया आली. येडबाचं मात्र डोकं फिरलं. वीस वर्षं खोटं सहज पटलं, आणि आज जन्मात एकदा खरं बोललो तर हे मला वेड्यात काढायलेत!

"डोळे बांधा माहे," तो ओरडला. "बांधा! त्याच बारा गाड्या आणा. एकेक माह्या पाठीमागून ढकला. कोन्ती कुणाची ते सांगतो. मग तरी पटल का न्हाई?"

लोकांना ते पटलं. धडपड करून गाड्या आणल्या. एकानं पटक्यानं त्याचे डोळे बांधले, देवळाकडं तोंड करून उभं केलं. पाठीमागून पहिली गाडी गेली.

"चन्नबसप्पाची. डाव्या चाकाची धाव ढिली हाय."

चन्नबसप्पा उठून गेला, चाकावरची लोखंडी धाव हलवून बघितली. ढिली होती. दुसरी गेली.

"बन्सीधर मारवाड्याची. वंगण घातलंय कालच."

तिसरी, चौथी, पाचवी. येडबा एकामागून एक सांगत गेला आणि त्याच्या मनाला धीर येत गेला. झालं, आता कळेल ह्यांना. कान आहे, नुसता कान. ह्यात देवाचं काय? पोरगी राहील. सातव्या गाडीला लोकांत कुजबूज सुरू झाली, त्याला वाटलं पटायलंय. नवव्याला एक बाई रडायला लागली. दहाव्या गाडीचं नाव सांगितलं तेव्हा कुणी तरी हलगी उचलली. बारावी गाडी गेली. "दत्तराव पाटलाची," येडबा म्हणाला, "अन् तिचा कणा ह्या पावसाळ्यात मोडणार हाय."

आणि दम सुटला म्हणून म्हणा, तेरा दिवसांच्या जागरणानं म्हणा, त्याला जांभई आली. मोठी, जबडा निखळेल अशी.

"आला!" लिंबाजी किंचाळला. "देव परत आला!"

येडबानं पटका ओढून काढला तर पुढं सगळं गाव आडवं पडलेलं. लिंबाजीनं त्याचे पाय आसवांनी भिजवले. भंडारा उडायला लागला, नाकातोंडात गेला. "खोटं हाय!" येडबा ओरडला, "आरं खोटं हाय!" तर गाव म्हणालं, "येळकोट येळकोट!" दत्तराव पाटील लोकांना मोठ्यानं सांगत होते, "बघा, तिनं घराबाहेर पाय टाकला अन् देव आला. म्हणत नव्हतो?"

चार जणांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यानं लाथा झाडल्या, त्यांना वाटलं वारं आलं. वरून त्याला पांद दिसत होती. रामजी पुढं चालला होता आणि मनकर्णा त्याच्या मागं. तिनं हे सगळं शेवटपर्यंत उभं राहून बघितलं होतं. अंबाबाई नवऱ्याच्या पायाला डोकं लावायला गर्दीत घुसत होती.

लोक विचारतील, मग येडबानं पुन्हा दोर का बांधला? पुढच्या वर्षी तो नाहीच म्हणत होता. दत्तरावांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "ही एक जत्रा नीट पार पाड, मग सुनेला आणायचं बघू." त्या बोलीवर त्यानं दोर बांधला. गाड्या वेशीत गेल्या, पाय चुकला नाही, आणि सुनेचं कुणी बघितलं नाही. मग आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला, त्याच्या पुढच्या साली पुन्हा तीच बोली, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी कुणी बोली केली नाही. तरी येडबा दोर बांधून उभा राहिला. ह्याचं गावाला नवल वाटलं नाही. त्याला स्वतःला मात्र वाटलं.

एकोणसाठ सालच्या जत्रेनंतर तो चालत सेलूकडं गेला. मनकर्णा तिथं जिनिंगात कापूस निवडायला होती. दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली. केसांत, भुवयांत कापसाची कूस. तिनं त्याला ओळखलं, पाया पडली नाही, पण पाण्याचा तांब्या आणून दिला. दोघं जिनिंगच्या भिंतीला टेकून सावलीत बसले.

"मामा, अजून वढता?"

"वढतो."

"गुडघा?"

"हाय तसाच."

येडबानं तांब्या खाली ठेवला.

"त्या दिवशी म्या खरं बोललो व्हतो, पोरी."

"ठाव हाय मला. बारा गाड्या तुमी वळखल्या तवाच पटलं. सगळ्या गावात मला एकटीला पटलं." ती सरळ त्याच्याकडं बघत होती. "पाचव्या दिवशी बोलला असता तर? आत्या मारायल्या तवा?"

येडबा जे सांगायला इतक्या लांब आला होता ते त्यानं सांगून टाकलं. "आता कुणाला शिकवायचं न्हाई. म्हणून पाय नीट पडतात. उताराला लागलं की त्या दोनशे पावलांत कान तेवढे ऱ्हातात, बाकी काय बी न्हाई. भुजंग आठवत न्हाई. वर्सभर उठता-बसता दिसतो, तिथं तेवढा दिसत न्हाई. म्हणून वढतो म्या. दुसरं काय कारण न्हाई." त्याला रडू फुटलं. "बाप हाय का म्या? सांग."

आतून भोंगा वाजला. बाया उठायला लागल्या. मनकर्णानं रिकामा तांब्या उचलला, पदर खोचला.

"तुमाला दोनशे पावलं तरी घावली, मामा," ती म्हणाली. "मला तेवढीबी न्हाईत."

आणि ती आत कामाला गेली.